गप्प पिल्लू आणि निवांत पिल्लू

श्रोतेहो, नमस्कार.

संध्याकाळचे साडेसात. कुकरची तिसरी शिट्टी, टीव्हीवर मालिका, जिन्यात शेजारची पोरं. आणि तुमचं अडीच महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू सोफ्याखालून सुसाट निघतं, घरभर गोल गोल धावतं, पायजम्याला लोंबकळतं, ‘नाही’ म्हटलं की आणखी जोरात चावतं. घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘मस्तीला आलंय, खाली नेऊन जरा दमवून आण.’ चूक होते ती इथेच. त्याला दमवायचं काय राहिलंय? ते केव्हाचंच दमलंय. एवढ्या वयाच्या पिल्लाला दिवसाची 18 ते 20 तास झोप लागते. पुन्हा सांगतो, 18 ते 20 तास. रात्रीची धरून, दुपारची धरून. ती मिळाली नाही तर रडणाऱ्या तान्ह्या बाळाचं जे होतं तेच त्याचं होतं, फक्त याला दात असतात.

म्हणून तासभर जाग झाली की दीड-दोन तास झोप, असा ढोबळ हिशेब ठेवा. संध्याकाळी साडेसहालाच, म्हणजे अंगात वारं शिरायच्या आधी, शू करवून आणा आणि पंख्याखाली, येण्या-जाण्याच्या वाटेपासून दूर, त्याच्या जागेवर न्या. सुती कापड पाण्यात भिजवून, पिळून, गाठ मारून फ्रीजरमध्ये घट्ट केलेलं चघळायला द्या. चघळणं आणि चाटणं यांनी पिल्लू आपसूक सैलावतं. मात्र तुकडे पडायला लागले की कापड काढून घ्या, आणि शिजवलेलं हाड कधीच नको, त्याच्या कपच्या आतड्यात रुततात. आणखी एक बघा: पोटात जंत, कानामागे गोचीड असलेल्या पिल्लाला कितीही शिकवा, ते निवांत होणार नाही. आधी ते निस्तरा.

चेंडू फेकण्याबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही, तरी सांगतो. अर्धा तास एकसारखा चेंडू फेकून पिल्लू शांत होत नाही, त्याला चेंडूचं व्यसन लागतं. त्यापेक्षा जुन्या टॉवेलच्या घड्यांत त्याच्या जेवणातले 15-20 दाणे लपवा आणि त्याला नाकाने शोधू द्या. पाच मिनिटं हुंगणं हा त्याच्यासाठी खरा व्यायाम आहे. आणि विदर्भाच्या उन्हात हस्कीसारखं बर्फातलं कुत्रं पाळणाऱ्यांनी तर... असो. लातूरकडचं कारवानी जातीचं देशी कुत्रं काय वाईट आहे?

आता, ज्यासाठी आज बोलायला बसलो ती गोष्ट.

साल 1924, तारीख 23 सप्टेंबर. रशियातलं लेनिनग्राड शहर. त्या जानेवारीपर्यंत त्याचं नाव पेट्रोग्राड होतं. समुद्राकडून असा वारा सुटला की नेव्हा नदीचं पाणी मागे रेटलं गेलं आणि साडेतीन मीटरपेक्षा वर चढलं. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, 1824 मध्ये, असाच पूर आला होता, त्यानंतर हाच मोठा. या शहरात शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलोव्ह यांची प्रयोगशाळा होती. रोज खाण्याआधी घंटा वाजवली की पुढे नुसत्या घंटेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, एवढं शाळेत आपल्या कानावर पडलेलं असतं. खरं तर त्यांनी मेट्रोनोमची, म्हणजे ताल मोजणाऱ्या यंत्राची, टकटक वापरली, दिवे वापरले, त्वचेवरचे स्पर्श वापरले. प्रसिद्ध मात्र एकटी घंटाच झाली. तीन दिवसांनी पाव्हलोव्ह 75 वर्षांचे होणार होते, आणि त्यांची कुत्री मुख्य इमारतीपासून लांब, आवारातल्या खुराड्यांत अडकली होती. पाणी चढत होतं.

माणसं धावली. कुत्र्यांना लहान लहान गटांनी, वादळात, पाण्यातून पोहवत मुख्य इमारतीत आणलं आणि सगळी एकत्र ठेवली. आता ऐका. ही कुत्री एरवी एकत्र आली की भांडायची. त्या दिवशी एकही भांडलं नाही, कुणी कुणावर धावून गेलं नाही. बघणाऱ्याला वाटावं, किती शहाणी, किती शांत!

ती शांत नव्हती, ती थिजली होती.

पूर ओसरला, कुत्री आपापल्या जागी गेली, प्रयोग पुन्हा सुरू झाले. काही कुत्र्यांना जणू काही झालंच नव्हतं. काहींचं मात्र महिनोन्‌महिने शिकवलेलं सगळं पुसलं गेलं होतं. त्यांपैकी एक कुत्रं पाव्हलोव्ह यांचे सहकारी स्पेरान्स्की यांच्याकडे होतं. प्रयोगाच्या खोलीत ते बेचैन व्हायचं. ओळखीचा इशारा दिला तरी लाळ नाही. आणि समोर खाणं ठेवलं तर ते तोंड फिरवायचं. उपाशी असलेलं कुत्रं, आणि खाण्याकडे पाठ!

त्या प्रयोगांची रीत अशी की कुत्रं एकटं खोलीत आणि माणूस भिंतीच्या बाहेर. स्पेरान्स्की यांनी रीत मोडली. ते आत जाऊन कुत्र्याजवळ बसले. तर काय, कुत्रं खायला लागलं आणि शिकलेलं परत आलं! ते बाहेर गेले की पुन्हा सगळं गायब. आत आले की पुन्हा हजर. त्यांचे कपडे कुत्र्याला दिसणार नाहीत असे त्या खोलीत ठेवले, तरी नुसत्या वासाने थोडाफार तोच गुण यायचा. मग थोडा वेळ आत, थोडा वेळ बाहेर, असं करत आठवडे घालवले, तेव्हा कुठे ते कुत्रं एकटं असतानाही सावरलं.

गोष्ट इथे संपत नाही, पण पुढचा भाग जरा राखून ठेवतो. आधी आपल्या घरात येऊ.

पहिलं: गप्प पिल्लू आणि निवांत पिल्लू ही दोन वेगळी पिल्लं आहेत. वर्तमानपत्राची गुंडाळी दाखवली की पिल्लू कोपऱ्यात गप्प बसतं आणि मालक खूश होतो. त्याचं अंग बघा. निवांत पिल्लू एका कुल्ल्यावर कलंडून बसतं, पाय सोडतं, हनुवटी जमिनीला टेकवतं, सुस्कारा टाकतं. थिजलेलं पिल्लू चारही पाय पोटाखाली घेतं, कान मागे, तोंड घट्ट मिटलेलं, जांभया देतं, ओठ चाटत राहतं. आणि आवडीचा खाऊ नाकाशी नेला तरी घेत नाही. हे कानात ठेवा: खाऊ नाकारला की शिकवणं थांबवा. ते नखरे करत नाहीये. ज्या गोष्टीची भीती वाटते तिच्यापासून दहा पावलं मागे या. तिथे त्याने खाऊ घेतला की तुमचं अंतर बरोबर आहे. पुन्हा सांगतो: खाऊ नाकारला की मागे या.

दुसरं: आधी सोबत, मग अंतर. घरातली एक जुनी सतरंजी घ्या, ती फक्त याच कामासाठी. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याच्या दाण्याएवढे 20 तुकडे करा आणि जेवणातून तेवढं कमी करा. सतरंजी पसरा, शेजारी जमिनीवर तुम्ही बसा, गप्प. पिल्लू तिच्यावर आलं की एक तुकडा पुढच्या दोन पायांच्या मधे ठेवा. हातातून भरवू नका. हाताकडे बघणारं पिल्लू भीक मागायला शिकतं, जमिनीकडे बघणारं पिल्लू आडवं होतं. आडवं झालं की तुकडा, तीन सेकंदांनी तुकडा, मग पाच, मग दहा. ‘शाब्बास’ मोठ्याने ओरडू नका, ते टुणकन उठतं आणि केलेलं पाण्यात जातं. तीन ते पाच मिनिटांत आटपा. दिवसातून तीनदा पुरे.

आठवड्याने तुम्ही खुर्चीवर, मग दाराशी, मग दाराबाहेर पाच सेकंद. बहुतेकांचं बिघडतं ते इथे. पाच, दहा, वीस, चाळीस असं चढतच जातात. तसं करू नका. पाच, दहा, तीन, पंधरा, पाच असं खाली-वर ठेवा, म्हणजे प्रत्येक वेळी आधीपेक्षा कठीण होतं असं त्याला वाटत नाही. कुंई-कुंई सुरू व्हायच्या आधी परत या. आल्यावर आरती ओवाळल्यासारखा सोहळा नको. सतरंजीवर तुमचा एक दिवस घातलेला, न धुतलेला सदरा ठेवा. का, ते आता वेगळं सांगायला नको. सदरा चावून गिळत असेल तर मात्र काढून घ्या.

आता राहिलेला भाग. कुत्रं सावरलं, खाऊ लागलं, सगळं जुळून आलं. मग एक दिवस मुद्दाम त्या खोलीच्या दाराखालून पाण्याची बारीक धार आत सोडली. आवाज नाही, काही नाही, जमिनीवर नुसतं थारोळं. कुत्रं उसळलं, जमिनीकडे बघत धापा टाकू लागलं, आणि शिकलेलं सगळं पुन्हा गेलं. पुराची एवढीशी आठवण पुरली.

आपल्याकडची धार म्हणजे दिवाळी. पिल्लू सतरंजीवर पसरायला लागलं की त्या दिवसापासूनच फटाक्यांचं, ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग मोबाइलवर लावा, जेमतेम ऐकू येईल इतकंच, दोन मिनिटं, आणि तुकडे देत राहा. तीन-चार दिवसांनी आवाज एक काडी वाढवा. खाऊ नाकारला तर दोन काड्या कमी. आणि प्रत्यक्ष दिवाळीला त्याला एकटं सोडून फराळाला जाऊ नका. आतली खोली, खिडक्या बंद, पंखा चालू, सतरंजी, आणि शेजारी घरातलं एक माणूस. घाबरल्यावर जवळ घेतलं तर लाडावेल, असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. औषध लागेल असं वाटत असेल तर पशुवैद्यांकडे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी धावत जाऊ नका, निदान पंधरा दिवस आधी जा. कारण ती गोळी किती द्यायची आणि त्याला कशी मानवते, हे फटाके नसताना एकदा पाहून घ्यावं लागतं.

नमस्कार.