बूट नव्हते म्हणून?

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझा विषय 'अखिल भारतीय फुटबॉल महासंघ : १९३७ ते आज' असा छापलाय. पन्नास मिनिटं मिळाली होती, त्यातली बारा सत्कारात गेली. नारळ चांगला आहे, तक्रार नाही. कोल्हापुरात फुटबॉलवर बोलायचं म्हणजे तालमीत जाऊन जोर कसे मारायचे ते सांगण्यासारखं आहे. आत आलो तेव्हा बघितलं, पाटाकडीलवाले डावीकडे बसलेत, शिवाजीवाले उजवीकडे, म्हणजे गावचे फुटबॉल खेळणारे दोन कट्टर तालीम संघ. मधली रांग मोकळी आहे, ती बहुधा पोलिसांसाठी ठेवलीय. (हशा)

मला सांगायचंय ते असं, की आपल्याकडे संघ वेगळा आणि महासंघ वेगळा. संघानं जे कमावलं त्यात महासंघाचा हात किती, हे मला आज तपासायचंय. हा महासंघ स्थापन झाला २३ जून १९३७ला, सिमल्यात, लष्कराच्या मुख्यालयात. म्हणजे जन्मच थंड हवेच्या ठिकाणी. घाई म्हणून कशाची नाही, ती तेव्हापासून. पण त्याकडे येतो. आधी एका गोष्टीचा निकाल लावू द्या, तिनं माझी चाळीस वर्षं खाल्लीत.

आमचा मामा रिक्षा चालवायचा. शाहू स्टेडियमवर मॅच असली की भाडं नाकारून मातीच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचा. त्यानं मला लहानपणी सांगितलं, "आपली पोरं वर्ल्ड कपला निघाली हुती. पण पायात बुटं न्हाईत म्हणून त्यांनी घेतलंच न्हाई." ही गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकलीय. मान हलवू नका, ऐकलीय. गोष्ट गोड आहे. गरीब देश, उघडे पाय, माजलेले गोरे. डोळ्यांत पाणी येतं.

आता तारखा मांडू. ३१ जुलै १९४८, लंडन ऑलिंपिक. लंडनबाहेर इलफर्डला क्रिकलफील्ड म्हणून छोटंसं मैदान, समोर फ्रान्स. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी, काहींच्या पायाला नुसत्या पट्ट्या. कर्णधार तालिमेरेन आओ, नागा टेकड्यांमधला माणूस, पुढं डॉक्टर झाला. कुणीही त्यांना मैदानाबाहेर काढलं नाही. फ्रान्सनं आधी गोल केला, सत्तराव्या मिनिटाला रामननं फेडला. आणि या सामन्यात आपल्याला दोन पेनल्टी मिळाल्या होत्या. दोन! एक शैलेन मन्नांनी घालवली, एक महावीर प्रसादनं. शेवटच्या मिनिटाला गोल खाऊन हरलो, २-१. आमच्या पेठेत दोन पेनल्टी घालवल्या तर पोरगं आठवडाभर घराबाहेर पडत नाही. तिथं मात्र इंग्रज प्रेक्षक टाळ्या वाजवत होते.

पुढं १९५०. ब्राझीलचा वर्ल्ड कप. पात्रता फेरीत समोरचे देश गळाले आणि आपण न खेळताच पात्र ठरलो. गटात इटली, स्वीडन, पॅराग्वे. प्रवासखर्चाचा मोठा भाग ब्राझील उचलायला तयार होतं. तरी महासंघानं नकार कळवला. कारण काय दिलं? सरावाला वेळ नाही आणि संघनिवडीवर मतभेद. बुटांचा उल्लेख नाही. मन्नांनीच पुढं सांगितलं, की वर्ल्ड कप म्हणजे काय याची तेव्हा कुणाला फारशी कल्पनाच नव्हती, आमच्या लेखी ऑलिंपिक सगळ्यात मोठं.

आणि आता १९५२. हेलसिंकी. थंड हवा, समोर युगोस्लाव्हिया, आणि आपली काही पोरं पुन्हा अनवाणी! १०-१ असा मार खाल्ला. त्यानंतर आपल्याच महासंघानं बूट सक्तीचे केले. आता मला सांगा, १९४८ला अनवाणी चाललं, १९५२ला चाललं, मग मधल्या १९५०लाच पायांची काय अडचण झाली?

हे सगळं मी एका वर्तमानपत्राला पत्र लिहून कळवलं होतं. नाव घेत नाही, त्यांचा माणूस इथं बसलाय. पत्र छापलं. निम्मं कापून छापलं. वर मथळा दिला, 'अनवाणी वीरांची करुण कहाणी'. तेव्हापासून मी पत्र लिहायचं सोडलं आणि व्याख्यानं द्यायला लागलो, त्याची शिक्षा तुम्ही भोगताय.

ही गोष्ट मरत का नाही, तर ती सोयीची आहे. बूट नव्हते म्हटलं की दोष फिफाचा, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचा, नाहीतर गरिबीचा. सही करून नकार कुणी कळवला, हे कुणी विचारत नाही.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे'. अहो, मी अजून १९५२मध्येच आहे.

भराभर सांगतो. १९५१ला दिल्लीत इराणला हरवून एशियाडचं सुवर्ण, गोल मेवालालचा. १९५६, मेलबर्न, ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४-२. त्यात नेव्हिल डिसूझाची हॅटट्रिक. माणूस मूळचा गोव्याचा, खेळायचा मुंबईत. ऑलिंपिकमध्ये चौथे आलो. १९६२, जकार्ताचं एशियाड, एक लाख लोक विरोधात ओरडतायत, जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके पडलेत म्हणून बचावातल्या माणसाला पुढं खेळवलं, आणि त्यानंच गोल केला. ज्या दक्षिण कोरियाकडून गटात हरलो, त्यालाच अंतिम सामन्यात २-१. हे सगळं ज्यानं घडवलं ते प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे मास्तर. जकार्तातच कॅन्सर अंगात होता. १९६३ला गेले. त्यांच्या मागं महासंघाकडं ना दुसरा रहीम तयार होता, ना तो घडवायची काही सोय. राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू व्हायला १९९६ उजाडलं. स्थापनेपासून एकोणसाठ वर्षं! तोवर खेळ जगवला तो क्लबांनी, कलकत्त्यातल्या गर्दीनं, मुंबईच्या रोव्हर्स कपनं आणि तुमच्या तालमींनी. मग २०१०ला व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी सातशे कोटींना दिले, त्यातून २०१४ला इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल आली. हा मुद्दा खरा तासाभराचा आहे, जाऊ दे.

शेवटचं. महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष आपल्याच गोंदियाचे प्रफुल्ल पटेल, मुदत डिसेंबर २०२०ला संपली, निवडणूक झालीच नाही. सुप्रीम कोर्टानं प्रशासक नेमले, आणि ऑगस्ट २०२२मध्ये फिफानं बाहेरचा हस्तक्षेप म्हणून महासंघाला निलंबित केलं. अकरा दिवस. गोकुलम केरळच्या मुली स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या, त्यांना न खेळता परत यावं लागलं. मग निवडणूक झाली, त्यात भारताचा माजी कर्णधार बायचुंग भुतियाला चौतीसपैकी एक मत पडलं.

त्या दिवसांत मामाकडं गेलो होतो. आता रिक्षा नाही, खाटेवर असतो. टीव्हीवर खाली पट्टी सरकत होती, भारतावर फिफाची बंदी. मामानं ती दोनदा वाचली आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "परत अनवाणी गेली काय रं पोरं?"