ताणानंतरचं पहिलं पाणी

नमस्कार श्रोतेहो.

डाळिंबाला ताण देतात हे आपल्या सोलापूर जिल्ह्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. बहार, म्हणजे फुलाफळांचा हंगाम, धरायचा ठरला की पाणी तोडायचं. महिना-दीड महिना झाड तहानलेलं ठेवायचं. पानं पिवळी पडतात, गळतात. मग हलकी छाटणी, शेणखत, आणि एके दिवशी पाणी सोडायचं. पुढच्या काही आठवड्यांत बाग लालभडक कळ्यांनी भरून जाते.

संकटांवर बोलणाऱ्यांना हे उदाहरण फार आवडतं. बघा, झाड सुकलं म्हणूनच फुललं! मीही एका सत्काराच्या कार्यक्रमात हे ऐकवून टाळ्या घेतल्या होत्या. समोरच मामा बसले होते. त्यांची सांगोल्याकडं बाग आहे. नंतर चहा पिताना म्हणाले, "भाच्या, बोललास झकास. पण तू बाग कधी धरली न्हाईस, ते कळलं."

मग कपातला चहा गार होईपर्यंत मामांनी माझी शिकवणी घेतली. मागची फळं उतरली की झाडाला आधी विसावा द्यायचा. दोन-तीन महिने खत, पाणी सगळं वेळच्या वेळी. त्या दिवसांत काडीत अन्न साठतं, काडी पिकते. ताणानं वाढ थांबते आणि ते साठलेलं अन्न कळीकडं वळतं. म्हणजे फूल येतं ते साठवणीवर, उपाशी राहण्यावर नाही. काडीत काही नसेल तर कितीही पाणी तोडा, कळीच्या जागी नुसती पालवी फुटायची. शिवाय रान कसलं आहे तेही बघायचं. मुरमाड रानात ताण लवकर बसतो, काळं रान ओल धरून ठेवतं, तिथं जास्त दिवस लागतात. शेजाऱ्यानं तीस दिवस दिले म्हणून आपणही तीस दिले, असं चालत नाही.

"आन तेल्या आलेल्या, मर लागलेल्या झाडाला ताण देत्यात का रं?" डाळिंबाच्या या दोन रोगांची नावं घेत मामांनी विचारलं. "त्याला आधी जगवायचं."

मला ते लागलं. कारण आपण माणसांच्या बाबतीत नेमकं उलटं करतो. धंदा बुडालेल्या, घरात आजारपण असलेल्या माणसाला सांगतो, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. टाकीखाली तडकलेले दगड कितीतरी असतात, श्रोतेहो. ते देवळात नसतात म्हणून आपल्याला दिसत नाहीत, एवढंच.

हे मी आमच्या घरात पाहिलंय. आमचे अण्णा, म्हणजे वडील, मिलमध्ये मागावर होते. तेव्हा सोलापूर भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. आमच्या भिंतीवरचं किल्लीचं घड्याळही अण्णा भोंग्यावरच लावायचे. मिल बंद पडली तेव्हा मी दहावीत होतो. सुरुवातीला अण्णा रोज सकाळी डबा घेऊन गेटवर जाऊन बसायचे. मग तेही थांबलं. दाढी वाढली. घड्याळ बंद पडलं, त्याला किल्ली द्यायचं कुणाच्या मनात आलं नाही. आई बिड्या वळायची, हजारावर मजुरी, त्यावर चूल पेटायची. त्या सहा महिन्यांत अण्णा कणखर झाले, शहाणे झाले, असं मला सांगता येणार नाही. ते फक्त वाळत गेले.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक पद्मशाली कुटुंब राहायचं. पूर्व भागात त्यांचे टॉवेलचे चार यंत्रमाग होते. त्या घरातले गृहस्थ एका संध्याकाळी आले. ते नशिबावर बोलले नाहीत, धीर वगैरेही दिला नाही. आईनं दिलेली कडक भाकरी नि शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि अण्णांना म्हणाले, "बीम संपलंय. धागे जोडायला माणूस मिळेना. दोन तास येता का?"

दोनच तास. मामांच्या भाषेत सांगायचं तर हलकं पाणी. ताणावरच्या झाडाला एकदम भरपूर पाणी दिलं तर आलेली कळीही गळते म्हणतात. अण्णांना त्या दिवशी कुणी पूर्ण पाळी देऊ केली असती, तर ते गेलेच नसते असं मला आजही वाटतं.

बीम म्हणजे मागावरचा, उभे धागे गुंडाळलेला रूळ. संपलेल्या बीमच्या एकेका धाग्याला नव्या बीमचा धागा जोडायचा, असे हजारांवर धागे. अण्णांची बोटं ते विसरली नव्हती. वीस वर्षांची साठवण होती ती, त्यांच्या काडीतली. दोन तासांचे चार झाले. रात्री उशिरा घरी आले, बोटांची टोकं लाल झालेली. हात धुतले, पण जेवायला बसले नाहीत. स्टूल ओढलं, वर चढले आणि घड्याळाला किल्ली दिली.

काटे कशावर लावायचे, हा प्रश्न होता. भोंगा तर बंद. अण्णा म्हणाले, "रेडिओ लाव रे. बातम्या लागल्या की सांग."