परसातला उजेड

(सांगली येथील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि जमलेले सर्व आई-वडील, आजी-आजोबा,

बाहेरच्या फलकावर आजचा विषय 'घरच्या परसात मुलांचे उत्तम फोटो कसे काढावेत' असा लिहिलेला आहे आणि त्याचे उत्तर मी अखेरीस देणारच आहे. परंतु त्याआधी एक म्हणणे आपल्यापुढे मांडायचे आहे, जे गेली तीस-पस्तीस वर्षे मी घरी, शाळेत आणि लग्नकार्यांतही ऐकेल त्याला सांगत आले. मुलाचा चेहरा त्याच्या स्वतःच्या रंगात, तिळासकट आणि गुडघ्यावरच्या खपलीसकट फोटोत उतरायला हवा असेल, तर आपल्या मागच्या दारासारखी दुसरी जागा नाही, आणि कॅमेऱ्याला हात लावण्याआधी तिथला उजेड आपल्याला तोंडपाठ असला पाहिजे.

परस म्हणताना माझ्या मनात राखलेली हिरवळ नाही. गावभागातल्या वाड्याची मागची बाजू असो, विश्रामबागेतल्या बंगल्यामागचा मोकळा पट्टा असो नाहीतर मिरजेतल्या एखाद्या घरामागचे चार हातांचे बोळ असो, धुण्याचा दगड, पाण्याची टाकी, कपड्यांची दोरी, कढीपत्ता, एखादा पेरू किंवा शेवगा आणि भिंतीला टेकवलेली जुनी सायकल एवढा ऐवज बहुतेक ठिकाणी सापडतो. पाहुणे यायचे म्हटल्यावर आपण तो झाकायला धावतो आणि फोटोची वेळ आली की मुलाला पुढच्या दारी, गाडीजवळ उभे करतो. ज्यांच्या घरी गाडीला टेकून उभ्या राहिलेल्या मुलाचा फोटो आहे, त्यांनी हात वर करावेत. पाहा, अर्धे सभागृह झाले.

१९९० साली माझी मुलगी दोन वर्षांची झाली. तिचा रंग माझ्या सासऱ्यांवर गेलेला, चांगला सावळा, आणि खालच्या ओठाखाली डावीकडे मोहरीएवढा तीळ. वाढदिवसाची आठवण म्हणून आम्ही तिला नवा फ्रॉक घालून एका स्टुडिओत नेले. त्या स्टुडिओचे नाव मी घेणार नाही, कारण माझी तक्रार एका माणसाविरुद्ध नसून त्या काळी सर्वत्र चालत असलेल्या रीतीविरुद्ध आहे. तिथल्या मदतनिसाने आम्हाला न विचारता पावडरचा डबा उघडला आणि तिच्या तोंडावरून पफ फिरवला. मग मखमली खुर्ची आली, मागे धबधबा रंगवलेला पडदा आला, दोन्ही बाजूंना मोठे दिवे लागले आणि मुलीने भोकाड पसरले. खुळखुळा वाजवून तिला क्षणभर गप्प केले गेले आणि त्याच क्षणी फोटो निघाला. आठ दिवसांनी पाकीट घरी आले तेव्हा सासूबाई फोटो घेऊन खिडकीपाशी गेल्या, तो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला आणि म्हणाल्या, "ही आपली पोरगी न्हवं."

त्यांचे म्हणणे खरे होते. तीळ नाहीसा झाला होता, नाकाच्या कडेची सावली पुसली गेली होती आणि गाल अंड्याच्या टरफलासारखे सपाट पांढरे दिसत होते. मी फोटो घेऊन परत गेले, तेव्हा मालक मोठ्या आनंदाने म्हणाले, "ताई, गोरी करून दिलीय, त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत."

हे कसे केले जाई ते सांगते, कारण तरुण मंडळींनी निगेटिव्ह, म्हणजे जिच्यावरून कागदावर फोटो छापत ती फिल्म, हातात धरलेली नसेल. निगेटिव्हमध्ये सारे उलटे असते. चेहऱ्याचा जो भाग काळसर, तो तिथे पारदर्शक दिसतो. त्या पारदर्शक ठिपक्यावर टोकदार शिसपेन्सिलीने हलके गिरवले की तिथून कमी उजेड पलीकडे जातो आणि कागदावर ती जागा पांढरट उमटते. सुरकुत्या, पुटकुळ्या, देवीचे व्रण असेच घालवत, आणि माझ्या मुलीचा तीळही असाच गेला. त्या गृहस्थांच्या मनात काही वाईट नव्हते, त्यांनी उलट जास्तीचे काम केले होते, आणि तेच मला आजही बोचते. दोन वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यात दुरुस्ती करण्याजोगे काही आहे, हे त्यांनी आणि आम्हीही न बोलता गृहीत धरले होते.

असे आपल्याकडेच घडत होते असेही नाही. अमेरिकेत कोडॅक कंपनी रंगीत फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुन्याचे चित्र देत असे, त्याला शर्ली कार्ड म्हणत, आणि त्यावर वर्षानुवर्षे गोऱ्या बाईचा चेहरा असे. माप म्हणून जो चेहरा धरला तोच गोरा असला, तर सावळ्या माणसाचा रंग नीट उतरावा कसा? आज ते कार्ड गेले, पण पुष्कळ मोबाइलमध्ये 'ब्यूटी' नावाची सोय आपोआप चालू असते आणि ती पेन्सिलीचेच काम क्षणात करते. घरी गेल्यावर पहिल्यांदा ती बंद करा.

या संदर्भात मला नेहमी एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांची आठवण होते. त्यांचा जन्म १८१५ सालचा, आपल्या कोलकात्यातला. १८६३ साली, वयाच्या ४८ व्या वर्षी, लेक-जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला. त्या वेळी त्या इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट बेटावर राहत होत्या. त्यांनी घरच्या कोळशाच्या खोलीची डार्करूम केली आणि काचा लावलेले कोंबड्यांचे खुराडे मोकळे करून त्याचा स्टुडिओ केला. जानेवारी १८६४ मध्ये त्यांनी ॲनी नावाच्या लहान मुलीचा फोटो काढला आणि त्याला स्वतःच 'माझे पहिले यश' असे म्हटले. जाड कोटाची बटणे लावलेली, केस विस्कटलेले आणि नजर भलतीकडे, अशी ती मुलगी आहे, आणि दीडशेहून अधिक वर्षांनी ती आपल्या ओळखीची वाटते. परसातल्या खुराड्यात हे होऊ शकले, तर आपल्या धुण्याच्या दगडापाशी का होऊ नये?

आता उजेडाकडे वळते. दुसऱ्या वर्षी मी भावाचा झेनिट कॅमेरा मागून घेतला आणि उटीच्या कारखान्यात तयार होणारी 'इंदू' ही कृष्णधवल फिल्म त्यात घातली. पहिला रोल मे महिन्यात भर दुपारी काढला आणि छत्तीसच्या छत्तीस फोटोंत मुलीच्या डोळ्यांच्या जागी काळ्या खाचा आल्या. याचे कारण आपल्या डोक्यावरच होते. सांगली सुमारे १६.८५ अक्षांशावर असल्यामुळे मेच्या पहिल्या पंधरवड्यात एक दिवस दुपारी सूर्य नेमका माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायातच नाहीशी होते. अशा उजेडात कपाळ आणि नाकाचा शेंडा तेवढा चमकतो, डोळे भुवयांच्या सावलीत बुडतात आणि मूल डोळे बारीक करते ते वेगळेच.

तेव्हा मी चित्रकलेच्या वर्गात जे करत असे तेच घरी केले. एका रविवारी सोललेला नारळ धुण्याच्या दगडावर ठेवला, कारण तो चेहऱ्यासारखा गोल आणि आमच्या मुलीसारखाच तपकिरी होता, आणि सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला त्याच्यावर उजेड कुठून पडतो आणि सावलीची कड कशी दिसते, ते वहीत चितारले. आमचे घर पूर्वाभिमुख, म्हणजे परस पश्चिमेला. सकाळी ते सगळे घराच्या सावलीत असते, पण समोरच्या कुंपणाच्या चुना लावलेल्या भिंतीवर ऊन पडलेले असते आणि ती भिंत तो उजेड परत आपल्या दाराकडे पाठवते. आठ ते साडेनऊच्या दरम्यान मागच्या उंबऱ्यावर ठेवलेल्या त्या नारळावर सावली होती, पण तिला कड नव्हती. उजेडापासून अंधारापर्यंतचा उतार इतका मऊ होता की करवंटीची प्रत्येक शीर मोजता यावी. खालची शहाबादी फरशी राखी रंगाची असल्यामुळे तिच्यावरून वर येणारा उजेड हनुवटीखाली रंग न मिसळता पोहोचत होता. हाच नारळ केळीजवळ नेला तेव्हा एका बाजूने हिरवा दिसू लागला, आणि पेरूखाली त्याच्यावर उन्हाचे कवडसे पडून तो कोड आल्यासारखा दिसला. म्हणून झाडाखालची जागा कितीही रम्य वाटली, तरी कवडसे असतील तोवर मुलाला तिथे बसवू नका.

आपल्या परसाची दिशा वेगळी असेल, तर तास बदलतील. पूर्वेच्या परसाला दुपारी चारनंतर घराची सावली मिळेल. उत्तरेच्या परसाला थंडीत दिवसभर सावली असते, मात्र मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो आणि त्या दिवसांत तिथेही ऊन उतरते. दक्षिणेच्या परसवाल्यांनी दोरीवर धुतलेले पांढरे धोतर किंवा चादर उन्हाच्या आड टांगावी. त्या कापडातून गाळून येणारा उजेड स्टुडिओतल्या दिव्यांपेक्षा सरस असतो.

त्या उंबऱ्यावरच १९९१ च्या नोव्हेंबरात माझ्या मनासारखा फोटो निघाला. नव्या ओल्या शेंगांची पाटी आली होती आणि मुलगी त्या फोडत बसली होती. अंगठ्याचे नख शेंगेच्या शिवणीत रुतलेले आहे, जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आली आहे, फ्रॉकवर टरफले पडली आहेत आणि ओठाखाली तीळ आहे. डोळ्याच्या बुबुळात एक आडवा पांढरा पट्टा दिसतो, ती उन्हातली भिंत. भिंगातून पाहिले तर त्या पट्ट्यात एक बारीक काळी उभी रेघ आहे. त्या वेळी दोरीपाशी सासूबाई कपडे वाळत घालत होत्या.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा फलकावरचा विषय झपाट्याने सांगते.

मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर या. पाटावर बसा, गरज पडली तर फरशीवर पालथे झोपा. उभ्याने काढलेल्या फोटोत डोके मोठे आणि पाय आखूड दिसतात. मोबाइल तोंडाजवळ नेऊ नका, कारण जवळून नाक फुगते आणि कान मागे पळतात. पाच-सहा फुटांवर थांबा आणि दुप्पट मोठे दाखवणारी 'टू एक्स' खूण दाबा. कॅमेरा असेल तर ५० ते ८५ मि.मी.चे भिंग पुरते. स्वस्थ बसलेल्या मुलासाठी शटरचा वेग सेकंदाचा १/२५० आणि पळणाऱ्यासाठी १/५०० ठेवा.

मागे पांढरी भिंत असेल तर कॅमेरा फसतो आणि चेहरा काळवंडतो. काळा दरवाजा असेल तर उलट होऊन चेहरा पांढराफटक पडतो. म्हणून मोबाइलच्या पडद्यावर मुलाच्या गालावर बोट टेकवा, मग उजेडाची पट्टी खाली-वर सरकवा आणि तळहात चेहऱ्याशेजारी धरून रंग पडताळा. गोरा दिसतो म्हणून थांबू नका, खरा दिसेपर्यंत सरकवा.

"हास रे" असे कधीही म्हणू नका. मुलाला काम द्या. शेंगा, वाटाणे, कपड्यांचे चिमटे, झारीभर पाणी, काहीही चालेल. हात गुंतले की चेहरा मोकळा होतो. आजीला कॅमेऱ्याशेजारी बसवा, नजर आपोआप तिथे येते. पंधरा मिनिटांत आटोपा. मूल कंटाळले की त्या दिवशीचा उजेड कितीही चांगला असला तरी सोडून द्या.

आणि फोटो छापून घ्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा या सभागृहातल्या अनेकांचे अल्बम चिखलात गेले, त्यात आमचेही होते. भिजून चिकटलेले फोटो ओढून सोडवू नयेत. स्वच्छ पाण्याच्या परातीत ठेवून हलक्या हाताने सुटे करावेत आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावेत. मी तसे केले. बहुतेक फोटोंच्या मागे शाईने लिहिलेली नावे आणि तारखा निळे डाग होऊन पसरल्या होत्या. शेंगांच्या फोटोमागे मात्र मी शिसपेन्सिलीने लिहिले होते, "नोव्हेंबर १९९१, मागचा उंबरा, सकाळी नऊ", आणि ते अक्षर न् अक्षर वाचता येत होते. तेव्हा छापलेल्या फोटोमागे नाव, दिवस, वेळ आणि परसातली जागा एवढे लिहा, आणि ते पेन्सिलीनेच लिहा.