या घरात जरा शांतता मिळेल का?

श्रोतेहो, नमस्कार.

"या घरात जरा तरी शांतता मिळेल का?" वैतागलेला कुणीही माणूस हे म्हणेल. पण त्याच घरात बाटलीतून निघालेली जिन राहत असेल तर? दुसऱ्या क्षणी सगळं चिडीचूप. मिक्सर फिरतोय, आवाज नाही. बायकोचे ओठ हलताहेत, शब्द नाही. इच्छा मागे घ्यायची तर बोलावं लागणार, आणि बोलणं तर बंद! तेवढ्यात दार उघडतं आणि जेवायला बोलावलेले साहेब आत येतात.

हा प्रसंग माझ्या मनातला. साचा मात्र जुना आहे. इंद्रासन मागायला गेलेल्या कुंभकर्णाच्या तोंडून 'निद्रासन' निघालं, हाताला लागेल ते सोनं होवो म्हणणाऱ्या मिडास राजाचा घासही सोन्याचा झाला. या कथा ऐकताना पोटात गोळा येतो. मग तोच घोळ मालिकेत आला की आपण खळखळून का हसतो?

मला वाटतं, वर देणाऱ्याच्या मनात काय आहे, त्यावर सगळं ठरतं. अमेरिकेत १९६५ ते १९७० या काळात 'आय ड्रीम ऑफ जीनी' नावाची मालिका चालली, तब्बल १३९ भाग. त्यातल्या जीनीचा आपल्या अंतराळवीर मालकावर जीव जडलेला. त्याच्या तोंडून शब्द पडायचा अवकाश, की ही मदतीला हजर. त्याचं वाईट व्हावं असं तिच्या मनातही नसतं. घोळ होतो तो मायेपोटी, म्हणून त्यात विखार नाही.

शिवाय तिथे डॉक्टर बेलोज आहेत, मानसोपचारतज्ज्ञ. नको त्या क्षणी दारात उभे! ज्याला कळता कामा नये असा एक माणूस हवाच. तो नसेल तर नुसती अडचण उरते, तारांबळ उडत नाही.

त्या काळी वस्तू गायब करायची युक्तीही साधी होती. कॅमेरा थांबवायचा, नटांनी आहे त्या स्थितीत पुतळ्यासारखं उभं राहायचं, वस्तू उचलायची, पुन्हा कॅमेरा सुरू. १९६४ साली सुरू झालेल्या 'बिविच्ड' या जादूगारणीच्या मालिकेतही असंच करत. हात हवेत धरून, श्वास रोखून उभ्या राहिलेल्या त्या नटांचं मला फार कौतुक वाटतं. असं थांबत थांबत चित्रीकरण होणार, मग समोर प्रेक्षक बसवणार कसे? हशा नंतर जोडला जाई.

आता आपले साहेब. ते शिंकतात, आवाज येत नाही. घाबरून कानाला हात लावतात. इथे लेखकाची खरी कसोटी. अचानक दुसरी जादू आणून सुटका केली, तर मी त्याला माफ करणार नाही. सुटका त्या पहिल्या वाक्यातच दडलेली हवी. आठवा, मालक काय म्हणाला होता? "या घरात." बस! उंबरठा ओलांडला की आवाज परत. तो साहेबांचा हात धरून त्यांना अंगणात खेचतो, आणि बाहेर पाऊल पडताच साहेबांची पुढची शिंक अशी दणदणीत येते, की शेजारच्या खिडक्या उघडतात. मग ताटं अंगणात, पाटही अंगणात, आणि जिन आनंदानं विचारते, "आणखी काही हवं का?"

सगळे एकदम ओरडतात, "नको!"