किरणांच्या आधी हजर असलेले रेणू

श्रोतेहो, नमस्कार.

एक्स-रे किंवा गॅमा किरण पेशीत शिरले की थेट डीएनएवरच घाव घालतात, असं आपल्याला वाटतं. काही घाव तसे होतातही. पण पेशीत सर्वांत जास्त असतं ते पाणी. किरणांचा मारा बहुतांशी त्यावरच होतो, पाण्याचा रेणू फुटतो आणि हायड्रॉक्सिल नावाचा मुक्त मूलक, म्हणजे दिसेल त्याच्याशी झटकन अभिक्रिया करणारा रेणूचा तुकडा, तयार होतो. त्याचं आयुष्य सेकंदाच्या अब्जाव्या भागाएवढं. तेवढ्या वेळात तो जेमतेम काही नॅनोमीटर सरकतो, पण जवळ डीएनए असला तर त्यातला हायड्रोजनचा अणू हिसकावून घेतो. एक्स-रेमुळे होणारं सुमारे दोन तृतीयांश नुकसान असं आडवाटेनं होतं.

आता गंमत पाहा. हा घाव लगेच पक्का होत नाही. ऑक्सिजन तिथं आधी पोहोचला, तर तो पक्का होतो. ग्लुटाथायोन आधी पोहोचलं, तर गेलेला हायड्रोजन परत मिळतो आणि घाव बुजतो. ग्लुटाथायोन आपल्या पेशी स्वतःच बनवतात. तीन अमिनो आम्लं, त्यांतलं एक सिस्टीन, आणि सगळी करामत या सिस्टीनमधल्या गंधकाची.

१९४९ साली हार्वे पॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना एक्स-रे देण्याआधी सिस्टीन टोचलं, तेव्हा पुष्कळ उंदीर वाचले. तेच किरणांनंतर टोचलं, तर उपयोग शून्य! उघड आहे, सगळा खेळ क्षणार्धात आटोपलेला असतो.

पुढे अमेरिकी लष्कराच्या संशोधनातून गंधकयुक्त अ‍ॅमिफॉस्टिन आलं. डोक्या-मानेच्या कर्करोगात किरणोपचारानं लाळग्रंथी सुकतात, त्यासाठी ते किरण देण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी शिरेतून देतात. निरोगी पेशींत ते जास्त सक्रिय होतं, गाठीत कमी. पण मळमळ होते, रक्तदाब उतरतो, म्हणून सरसकट वापरलं जात नाही.

मग अशा मूलकांना निकामी करणाऱ्या, म्हणजे अँटिऑक्सिडंटच्या, गोळ्या घेतल्या तर? मला इथंच धास्ती वाटते. गोळीला निरोगी पेशी कोणती आणि गाठीची कोणती, हे कळत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या चाचणीत किरणोपचार घेणाऱ्यांना ई जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीन दिलं होतं. तीव्र दुष्परिणाम कमी झाले खरे, पण गाठ परत येण्याचा धोका वाढल्याची चिन्हंही दिसली. तेव्हा किरणोपचार चालू असताना अशी कुठलीही गोळी घेत असाल, तर ती डब्यासकट डॉक्टरांना दाखवा.