अडसर, लॅच आणि चौकटीतलं भोक

जुन्या वाड्याचं दार आठवा. मागे भिंतीच्या पोकळीत सागवानी अडसर असायचा. तो एकदा आडवा ओढला की बाहेरून कितीही धडका मारा, सगळा जोर भिंतीवर जायचा. डेडबोल्ट म्हणजे हाच अडसर, किल्लीने सरकणारा.

आपल्या बऱ्याच घरांना नाइट लॅच आहे. त्याची तिरकी जीभ स्प्रिंगवर चालते, त्यामुळे दार ओढलं की ते आपोआप लागतं. पण जी जीभ आपोआप आत जाते, ती पातळ पट्टीने मागेही सारता येते. शिवाय वारा आहेच. मध्यंतरी एका घरून घाईघाईने बोलावणं आलं. बाई कचऱ्याची बादली ठेवायला दाराबाहेर आल्या आणि मागे धाडकन दार लागलं. आत गॅसवर दूध, पाळण्यात बाळ. दार उघडेपर्यंत त्या माउलीचे हात थरथरत होते. डेडबोल्टला स्प्रिंग नसते. किल्ली किंवा खुंटी फिरवल्याशिवाय तो लागत नाही.

त्यात दोन प्रकार. एकाला दोन्ही बाजूंनी किल्ली, दुसऱ्याला बाहेरून किल्ली आणि आतून खुंटी. राहत्या घराला दुसराच घ्या. रात्री शॉर्ट सर्किट झालं, घरभर धूर कोंडला, तर आजी-आजोबांनी अंधारात किल्ली कुठे चाचपडायची? दाराच्या काचेतून किंवा जाळीतून हात घालून कुणी खुंटी फिरवेल अशी भीती असेल, तर ती काच, ती जाळी बदला. माणसं आत कोंडली जातील असं कुलूप मी कुणालाही बसवून देत नाही.

गिऱ्हाईक किल्लीबद्दल फार विचारतं. पिनांच्या कुलपाचं पेटंट लायनस येल यांनी 1861 मध्ये घेतलं, आणि आजही बहुतेक किल्ल्यांच्या खाचा त्याच तत्त्वावर चालतात. पण चोर खाचांशी खेळत बसत नाही, तो कटावणी घालतो. म्हणून चौकट बघा. बोल्ट पूर्ण एक इंच, म्हणजे 25 मिमी, बाहेर यायला हवा. खोक्यात येणारे स्क्रू आखूड असतात. चौकटीवरची पट्टी, जिच्या भोकात बोल्ट जातो, ती दोन-अडीच इंची स्क्रूंनी आवळून घ्या. दाराची जाडी मोजून मगच दुकानात जा.

बसवून झालं की एक करा. बोल्टच्या टोकाला खडू फासा, दार लावा, किल्ली फिरवा आणि पुन्हा उघडा. पट्टीच्या कडेवर खडू उमटला तर बोल्ट तिथे अडतोय. पुष्कळ घरांत पट्टीमागचं चौकटीतलं भोक अर्धवट कोरलेलं असतं, आत भुसा आणि प्लास्टर तसंच. बोल्ट जेमतेम अर्धा जातो, आणि घरातल्यांना वाटतं कुलूप लागलं. आज घरी गेल्यावर त्या भोकात टॉर्च मारून बघा. भुसा दिसला तर आधी पटाशीने तो काढा, नवं कुलूप नंतर बघू.