आधी स्पीकर हलवा, मग पैसे खर्च करा

मंडळी, ‘डॅक (डिजिटल गाण्याचं स्पीकरसाठीच्या विद्युत संकेतात रूपांतर करणारं यंत्र) कोणता घेऊ?’ हा प्रश्न मला फार विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, पण त्याची पाळी खूप नंतर येते. आधी सांगा, तुमचे स्पीकर कुठे आहेत? बहुतेकांचे टीव्ही युनिटच्या कप्प्यात कोंबलेले, त्यातला एखादा चक्क कोपऱ्यात. कोपऱ्यात खालचे स्वर भिंतींमुळे फुगतात. तबला लावा, डग्ग्यावरचा घिस्सा हरवून नुसतं गुबगुब ऐकू येईल. स्पीकर कप्प्यातून काढा, भिंतीपासून निदान फूटभर पुढे घ्या. दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हायला हवा, आणि ट्विटर, म्हणजे स्पीकरमधला उंच स्वरांचा छोटा भोंगा, तुम्ही बसल्यावर कानाच्या उंचीला यायला हवा. घरच्यांशी वाटाघाटी कराव्या लागतील, त्या तुमच्या तुम्ही करा. (हशा)

आपल्या फ्लॅटमध्ये खाली गुळगुळीत टाइल्स, समोर सरकती काच, भिंती उघड्या. खोलीच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. पाठोपाठ पत्रा थरथरल्यासारखा झणकार आला, तर तोच झणकार गाण्यातही मिसळतोय. स्पीकर आणि खुर्चीच्या मध्ये जाड सतरंजी अंथरा, काचेवर भारी पडदा सोडा. एवढ्याने जो फरक पडतो, तो कित्येकदा नव्या ॲम्प्लिफायरनेही पडत नाही.

तारा तपासा. एकाच स्पीकरची लाल-काळी तार उलटी लागली, तर खर्ज विरतो आणि दोन स्पीकरच्या मधोमध बसलेली गायिका खोलीभर विखुरते. मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येणारं रेकॉर्डिंग लावून पाहा, दोष लगेच कळतो.

आता स्ट्रीमिंग. ॲपची सेटिंग उघडा. वायफायचा आणि मोबाईल डेटाचा दर्जा बऱ्याच ॲपमध्ये वेगवेगळा ठरवावा लागतो, आणि डेटा बचतीचा पर्याय कधी तरी चालू करून आपण विसरलेलो असतो. ॲपल म्युझिकमध्ये लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळता पाठवलेलं गाणं, २०२१पासून जादा पैशांशिवाय मिळतं, पण ते स्वतः चालू करावं लागतं. सीडीचा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिटचा. ब्लूटूथच्या साध्या एसबीसी पद्धतीत तो जेमतेम ३२८पर्यंत जातो. म्हणजे लॉसलेस चालू करून गाणं शेवटच्या दहा फुटांत पुन्हा दाबायचं! त्यापेक्षा स्पॉटिफाय कनेक्ट किंवा गुगल कास्ट वापरा. त्यात फोन फक्त रिमोट असतो, स्पीकरला जोडलेलं यंत्र, म्हणजे स्ट्रीमर, गाणं थेट वायफायवरून ओढतो, आणि मध्येच फोन आला तरी मैफल थांबत नाही.

मात्र जुन्या रेकॉर्डिंगकडून भलत्या अपेक्षा नकोत. विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण १९२५च्या सुमारास आलं. त्याआधी गवई भोंग्यात गात. तिथे जे टिपलंच गेलं नाही, ते लॉसलेस कुठून आणणार?

महागड्या लॅन केबलने, म्हणजे राउटरपासून स्ट्रीमरपर्यंतच्या तारेने, आवाज सुधारतो का, अशी चिठ्ठी आली आहे. गाणं अडखळत असेल तर राउटर जवळ आणा किंवा साधी लॅन केबल टाका. अडखळत नसेल, तर हजारोंच्या केबलने स्वर सुधारत नाही. वाटेत डेटा गळाला, तर तो पुन्हा मागवला जातो. त्या पैशांत पडदे शिवून होतील.